मोगलांच्या बागेत

बाग या वस्तूविषयी मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या कल्पना बव्हंशी परसातच जन्म पावतात. न्हाणीघराचे पाणी ज्या बाजूने वाहत जाते त्या बाजूस अळूचा वाफा, त्यापलीकडे दोन केळी, देवपूजेपुरती जास्वंद व तगर, आणि भिंतीच्या आडोशाला एखादा पारिजातक इतके जमले, की आमची बाग संपन्न झाली. तेथे कोणी बसत नाही. पहाटे फुले खुडावयास किंवा फोडणीच्या वेळी कढीलिंब तोडावयास जावे आणि परत यावे. केवळ बसण्यासाठी, केवळ पाहण्यासाठी पाणी वाहते ठेवावे आणि चार भिंतींच्या आत स्वर्गाचा एक तुकडा आखून घ्यावा, ही कल्पना आम्हांला मुळातच परकी. 'बाग' हा शब्द आम्ही फारसीकडून घेतला आणि 'हौद' अरबीकडून. 'पाट' तेवढा आमचा.

या पाटाशी माझ्या वडिलांचा जन्माचा संबंध. अण्णा पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरीस होते. निवृत्त होऊन त्यांना आता वीस वर्षे होऊन गेली, तरी वाहते पाणी दिसले की ते थांबतात, डोके किंचित कलते करतात आणि मनाशी ढाळ मोजतात. 2023 सालच्या ऑक्टोबरात मी त्यांना मोगलांच्या बागा दाखवावयास घेऊन निघालो, तेव्हा माझा सारा भरवसा त्यांच्या या सवयीवरच होता. कारण बागा ज्यांनी बांधल्या त्यांच्याविषयी त्यांचे मत मला लहानपणापासून ठाऊक होते. आग्रा म्हटले की त्यांना 1666 साल आठवते आणि औरंगजेब म्हटले की 1689. या दोन सालांच्या मध्ये ताजमहाल काय नि शालिमार काय, त्यांच्या दृष्टीने किरकोळ. गाडीत बसतानाच त्यांनी मला बजावले, "बागा बघीन. वाहवा मात्र करणार नाही."

मी म्हटले, "न केली तरी चालेल, अण्णा. तुम्ही नुसते पाणी पाहा."

आग्र्यास आम्ही प्रथम यमुनेच्या पैलतीरावरील रामबागेत गेलो. ताजमहालापुढे जी माणसांची दाटी असते तिचा येथे मागमूसही नव्हता. परंपरेप्रमाणे ही बाबराची बाग. आज तेथे दिसणारे बांधकाम पुष्कळसे नूरजहानच्या काळचे आहे. मूळ नाव आरामबाग, आणि मराठ्यांच्या अमलात त्याचे रामबाग झाले असे सांगतात. हे ऐकताच अण्णांची मुद्रा थोडी सैल झाली. एका अक्षराची का होईना, लूट ती लूट!

बाबराविषयी मात्र मला तेथे विलक्षण आपुलकी वाटू लागली. 1526 साली पानिपत जिंकून हा गृहस्थ आग्र्यास आला आणि त्याला काय दिसले? उन्हाळा, वावटळ आणि धूळ. येथे वाहते पाणी नाही, ही त्याची सर्वांत मोठी तक्रार. ती त्याने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. एवढे राज्य हाती आले, तरी त्याच्या मनातून काबूलची द्राक्षे आणि खरबुजे जाईनात. काबूलहून आलेले एक खरबूज चिरताना आपल्याला रडू आले, असे तो मित्रास कळवतो. मग त्याने यमुनेकाठी विहीर खणली, हौद बांधला, हमामखाना उठवला, गुलाब आणि नार्सिसस यांचे ताटवे रेषेत लावले. त्याच्या सरदारांनीही तसेच केले, आणि तो नदीकाठ असा अनोळखी दिसू लागला की लोक त्या बाजूसच 'काबूल' म्हणू लागले. परमुलखात गेलेला माणूस पहिल्या पावसाळ्यात घरची तुळस लावतो, त्यातलाच हा प्रकार. पाठीशी राज्य होते, म्हणून तुळशीची बाग झाली इतकेच.

परंतु याच ग्रंथात बाबराने आपल्या मोटेचेही वर्णन केले आहे. बैल दोर ओढून नेतात, परत येताना तोच दोर त्यांच्या शेणामुतातून फरफटत येतो आणि पुन्हा विहिरीत उतरतो, ही रीत कष्टाची तशीच गलिच्छ आहे असे त्याचे मत. हे मी अण्णांना सांगितले. माझी चूक झाली. त्यांचे आजोबा जन्मभर मोट हाकीत आले होते. "त्या मोटेवर आमची चार माणसे शिकली," असे म्हणून ते जे उठले ते थेट फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. 1530 साली बाबर वारला. त्याचे प्रेत काही काळ आग्र्यासच होते आणि मागाहून ते काबूलला नेऊन उतरंडीच्या एका बागेत, त्याच्या इच्छेप्रमाणे, उघड्या आकाशाखाली पुरण्यात आले. ही हकीकत मी अण्णांना सांगणार होतो, ती तशीच राहिली. मला मात्र तेथून निघताना आपले खुलदाबाद आठवत होते. काबूलच्या या बागवेड्याचा पाचव्या पिढीतला वंशज तेथे पडला आहे आणि त्याच्याही थडग्यावर छत नाही. भोवतालची संगमरवरी जाळी मागाहूनची. मधोमध उघडी माती, आणि तीत सब्जाचे एक रोप.

पिंजोरविषयी थोडक्यात सांगतो. कालक्याजवळची ही बाग औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाईखान याने सतराव्या शतकात बांधली. इतर बागांत दरवाजातून आत शिरल्यावर चढत जावे लागते. येथे सात मजले उतरत जावे लागते. मौज आहे ती तिच्या दंतकथेत. मोगल सरदार आपल्या मुलखात येऊन बसलेला तेथील राजाला रुचले नाही. लढण्याचे सामर्थ्य तर नाही. म्हणून त्याने डोंगरातल्या गलगंड झालेल्या बायका शोधून काढल्या आणि जनानखान्यात फळे-फुले विकावयास त्याच पाठवल्या. बेगमांनी विचारले, हे काय? उत्तर मिळाले, येथील हवापाण्याने सगळ्यांनाच होते. झाले, जनाना दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड आवरू लागला! प्रवास सुरू झाल्यापासून अण्णा प्रथमच मोठ्याने हसले ते येथे. "याला म्हणतात गनिमी कावा," ते म्हणाले, आणि त्यानंतर सगळी बाग त्यांनी पुन्हा एकदा, या वेळी प्रसन्न चित्ताने, वरपासून खालपर्यंत पाहिली.

श्रीनगरला पोहोचलो तेव्हा चिनार पेटले होते. दुसरा शब्द मला सापडत नाही. आपल्याकडे पाने पिकतात आणि गळतात. तेथे ती आधी तांबडी होतात, मग तांब्याच्या रंगाची होतात आणि कित्येक दिवस तशीच उजेड देत राहतात. चिनार मोगलांनी आणला हा समज बरोबर नव्हे. तो त्यांच्या आधीपासून तेथे आहे. मोगलांनी त्याची रांग केली, आणि कोणत्या दोन झाडांमधून कोणता डोंगर दिसावा हे ठरवले.

शालिमार जहांगीराने 1619 साली करविली. वरून येणारा ओढा बांधून काढण्याची कामगिरी त्याने आपल्या मुलाकडे, खुर्रमकडे, म्हणजे पुढच्या शहाजहानकडे सोपवली होती. जहांगीर हा मोठा चमत्कारिक मनुष्य. दारूने हात कापत असत. परंतु काश्मीरातली फुले दिसली की त्याचे चित्त स्थिर होई, आणि त्याचा चित्रकार मन्सूर याने तेथील शंभरावर फुलांची चित्रे काढली होती. बागेच्या खालच्या भागास फराहबख्श म्हणतात. त्याच्या वरचा फैजबख्श शहाजहानच्या काळी सुभेदार जफरखान याने वाढवला. पूर्वी दल सरोवरातून सुमारे मैलभर लांबीच्या कालव्याने नावेत बसून बागेच्या पायथ्याशी येत. आता मोटारी येतात. 1665 साली औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर फ्रेंच वैद्य बर्निये येथे येऊन गेला आणि त्याने या बागेचे मोठ्या प्रीतीने वर्णन केले.

परंतु हे सगळे पुस्तकातले. अण्णा पुस्तकातले काही पाहत नव्हते. दरवाजातून आत येताच ते मधल्या पाटाच्या कडेला उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ हलले नाहीत. येणारेजाणारे छायाचित्रे काढीत होते, नवविवाहित जोडपी काश्मिरी पोशाख भाड्याने घेऊन मिरवीत होती. हा म्हातारा मात्र पाण्यावर एक वाळलेले चिनाराचे पान सोडून त्याच्याकडे टक लावून पाहत होता.

मग त्यांनी मला बोलावले. "ये, इकडे ये. पान कसे जाते बघ. कोठे घाई नाही, कोठे अडत नाही. पाणसळीशिवाय हे होत नाही. हा पाट ज्याने बांधला त्याला पाणी कळत होते."

ही वाहवाच होती. मी ती ऐकली नाही असे दाखवले.

पुढचे दोन तास अण्णा शिकवीत होते आणि मी शिकत होतो. वरचा ओढा उंचावर अडवून घ्यायचा. तेथून पाणी मधल्या पाटात सोडायचे. आणि जमिनीखालून मातीच्या नळांनी ते कारंज्यांना द्यायचे. कारंजे किती उडेल ते वरच्या हौदाच्या उंचीवर अवलंबून. यंत्र नाही, बैल नाही, सारे काम डोंगराच्या उताराने करायचे. जेथे एक मजला संपतो तेथे पाणी तसेच खाली टाकून दिलेले नाही. तिरप्या दगडावरून ते ओघळते, आणि त्या दगडावर माशाच्या खवल्यासारखी नक्षी खोदलेली असते. पाणी त्या नक्षीवर आपटत, फुटत, पांढरे होत उतरते. तिला तेथे 'चादर' असेच म्हणतात. "आमचा सांडवा," अण्णा म्हणाले, "पाण्याची ताकद मारण्यासाठी असतो. ह्यांनी सांडव्यालाच नाचायला लावले आहे." कोठे चादरीऐवजी पाण्याचा सरळ पडदा पडतो आणि त्यामागे भिंतीत ओळीने लहान कोनाडे आहेत. दिवसा त्यांत फुलदाण्या ठेवीत आणि रात्री दिवे. पडत्या पाण्याच्या आड तेवणारा दिवा! ज्या कोणाच्या डोक्यात हे प्रथम आले त्याचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही.

मी भीत भीत म्हटले, "म्हणजे शत्रूकडूनही घेण्यासारखे काही असते."

"त्यात काय नवल? घेतलेच की आपण," अण्णा म्हणाले. "कात्रजचे पाणी पेशव्यांनी पुण्यात आणले ते कसे? जमिनीखालून नळ काढून, जागोजागी उसासे ठेवून. त्याआधी औरंगाबादेस मलिकंबराने नहर केलीच होती. आणि शनिवारवाड्यात हजारी कारंजे बांधले ते काय आपल्या परसात पाहून?" हे सगळे ते अशा सहजतेने बोलले, की रामबागेच्या फाटकाबाहेर रागावून उभे राहिलेले अण्णा निराळेच कोणी असावेत.

दुसऱ्या दिवशी निशातबाग. माझ्या मते शालिमारपेक्षा ही अधिक देखणी. शालिमार राजाची आहे. तिच्यात दरबाराची शिस्त आहे आणि डोंगर जरा दूर उभे आहेत. निशात 1633 साली नूरजहानचा भाऊ आसफखान याने बांधली, आणि ती जबरवानच्या डोंगरापासून दल सरोवरापर्यंत एका दमात उतरते. बारा राशींच्या नावे बारा मजले होते. खालचा भाग सरोवराकाठच्या रस्त्याने खाल्ला आहे. अगदी वरच्या जनानी सज्ज्यावर उभे राहिले, की पाण्याची एक रेघ पायांपासून निघून चिनारांच्या मधून सरळ सरोवरात जाऊन मिळते, आणि बाग कोठे संपली व सरोवर कोठे लागले हे सांगता येत नाही.

आसफखान हा मुमताजमहलचा बाप, तेव्हा शहाजहान त्याचा जावई. जावई हा दहावा ग्रह अशी आपल्याकडे म्हण आहे. या बारा राशींनाही तो ग्रह लागलाच. कथा अशी, की बादशहाने बाग पाहून तीनदा तोंडभर स्तुती केली. मतलब हा की सासऱ्याने ती नजर करावी. सासरा गप्प राहिला. बादशहाचे मन खट्टू झाले आणि त्याने हुकूम दिला: निशातचे पाणी तोडा. कारण निशातला पाणी येई ते शालिमारच्याच ओढ्यावरून. पाट कोरडे पडले, कारंजी मिटली. आसफखान एका झाडाखाली उदास होऊन झोपी गेला. त्याच्या एका नोकराला ते पाहवले नाही. त्याने जाऊन दरवाजा उघडला आणि पाणी सोडले. आवाजाने आसफखान जागा झाला आणि भीतीने गळून गेला. हुकूम मोडण्याची शिक्षा त्याला माहीत होती. नोकराला बादशहापुढे नेले. तो म्हणाला, धन्यासाठी केले. आणि शहाजहानने त्याला क्षमा तर केलीच, पण निशातला शालिमारचे पाणी घेण्याचा हक्क कायमचा लिहून दिला.

ही कथा कितपत खरी हे इतिहासकारांनी पाहावे. मी ती तिसऱ्या मजल्यावरच्या दगडी चौथऱ्यावर बसून अण्णांना सांगितली, आणि जावयाच्या विनोदावर ते हसतील अशी माझी अपेक्षा होती. ते हसले नाहीत. हातातली काठी त्यांनी मांडीवर आडवी घेतली आणि पाण्याकडे पाहत राहिले.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "बहात्तर साली माझ्याकडे एक पाटकरी होता."

1972 चा दुष्काळ मी ऐकून जाणतो. अण्णा तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, नोकरीत नवे. धरणात पाणी उरले नव्हते. जे होते ते पिण्यासाठी राखावयाचे, चाऱ्या बंद ठेवावयाच्या, असा वरून सक्त हुकूम होता. एका चारीच्या टोकाला तीन-चार घरांची वस्ती होती; विहिरी आटलेल्या, जनावरे खुंट्याला बसलेली. एके रात्री त्या पाटकऱ्याने चारीचा दरवाजा हातभर उचलला आणि पहाटेपर्यंत पाणी जाऊ दिले. सकाळी ओल्या चारीवरून अण्णांना कळले. त्यांनी विचारले, तेव्हा त्याने नाकारले नाही. म्हणाला, "साहेब, गुरं हंबरत होती."

"मग?" मी विचारले.

"मग काय? मी रिपोर्ट लिहिला. हुकूम हुकूम होता. पाणी सगळ्यांचे होते, ते चोरून एकाला देणे बरोबर नव्हते. आजही मी तेच म्हणेन." क्षणभर थांबून ते पुढे म्हणाले, "त्याची नोकरी गेली. बायकोमुले घेऊन तो ऊसतोडीला गेला असे ऐकले. मी चौकशी केली नाही."

मला काय बोलावे सुचेना. पन्नास वर्षे ज्या घरात मी वावरलो त्या घरात ही गोष्ट एकदाही उच्चारली गेली नव्हती. मी म्हणू शकलो असतो, की बादशहाची क्षमा स्वस्त असते. त्याच्या बागेचे पाणी म्हणजे काही पिण्याचे पाणी नव्हे, आणि त्याला वर कोणास जाब द्यावयाचा नव्हता. हे खरेही होते. परंतु अण्णांना ते माझ्याहून अधिक चांगले कळत होते, म्हणूनच ते बोलण्यात अर्थ नव्हता. खाली चादरीवरून पाणी उतरत होते. एक माळी वाकून पाटात अडकलेली चिनाराची पाने हाताने काढीत होता. एक ढीग झाला की दुसरा. अण्णा उठून त्याच्याकडे गेले. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच समजत होती. पाणी कोठून येते, असे अण्णांनी खुणेने विचारले. माळ्याने डोंगराकडे बोट केले. अण्णांनी मग वाकून आपल्याही हाताने चार पाने काढली. त्यांना वाकणे आता सोपे जात नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही वेरीनागला थांबलो. वितस्तेचा, म्हणजे झेलमचा, हा उगम, पूर्वीचा नीलनाग. 1620 साली जहांगीराने या झऱ्याभोवती अष्टकोनी दगडी हौद बांधला आणि काठाने कमानी उभारल्या. हौदाचे पाणी निळे-हिरवे, इतके स्तब्ध की ते वाहते आहे असे वाटतच नाही. एका बाजूच्या तोंडातून मात्र भरधाव पाट बाहेर पडत असतो. जहांगीराला ही जागा सर्वांत प्रिय होती. 1627 साली काश्मीरहून लाहोरला परतताना वाटेत तो वारला, तेव्हा शेवटी त्याला वेरीनागलाच जावयाचे होते असे सांगतात.

अण्णांनी अष्टकोनाला एक फेरी घातली. दरवाजा कोठे आहे हे ते पाहत असावेत. दरवाजा नव्हता. पाणी बंद करण्याची सोय कोणी केलीच नव्हती. पाट जेथे बाहेर पडतो तेथे ते बसले, ओंजळभर पाणी घेऊन त्यांनी तोंडावर मारले आणि धोतराच्या सोग्याने पुसले. गार पाण्याने त्यांचे डोळे लाल झाले होते.

गाडीकडे जाताना त्यांनी मला विचारले, "नगरहून त्या बाजूला हल्ली सकाळची एस्टी कितीला सुटते रे?"